भिंगावरचं बोट

कोरेगावाकडून,
दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार, १९४६

दाजी, दंडवत. हा दंडवत कागदावरचाच गोड मानून घ्यावा. प्रत्यक्ष घालायला वाकलो तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील, इतकी माझी कंबर धरली आहे (कशानं, ते पुढे येईल, त्यात तुमचाही वाटा आहे). अंजनाक्काची तब्येत कशी आहे? तुमची दाढ निघाली की अजून लवंगेवरच भागवताय? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

तुमचं पत्र पोचलं. 'लालासाहेब, कॅमेरा जमत नसेल तर राहू द्या, आमच्या ओसरीवरच्या लग्नातल्या फोटोत सासूबाई स्पष्ट आल्या आहेत, तोच काचेतून काढून अर्जुनाला पाठवतो,' हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझा चहा बशीबाहेर गेला. न जमायला काय झालं? माझा सख्खा भाऊ जपानात पलटणीत बसलाय. त्यानं रजेवर आलेल्या मेढ्याच्या जवानाबरोबर मला कॅमेरा पाठवला, तुम्हाला नाही. त्याची चिठ्ठी मी सोप्यात सगळ्यांसमोर वाचली होती. त्यात लिहिलं होतं, साहेब अजून थांब म्हणतात, आईचा एक फोटो पाठवा, तो जवळ असला म्हणजे घरी येऊन गेल्यासारखंच होईल, मग यंदाची रजा घेत नाही. आई घेवडा निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "काढ बाबा फोटू," आणि सूप घेऊन आत गेली. म्हणजे काम माझ्यावर आलं. ते मी तुमच्या ओसरीवरच्या खिळ्यावर सोपवणार नाही.

आता तुमच्या शास्त्राकडे वळू. गेल्या महिन्यात येऊन तुम्ही मला धडे दिलेत : सूर्य पाठीशी, कॅमेऱ्याची पेटी पोटाशी, दम छातीत. वा! सूर्य पाठीशी घेतला तर माझी फेट्यासकट सावली समोरच्याच्या मांडीवर जाऊन बसते आणि समोरचा मिरचीच्या धुरात सापडल्यासारखे डोळे बारीक करतो. पेटीच्या वरच्या काचेत तर सगळंच उलटं. माणूस उजवीकडे हवा म्हणून मी एकीकडे सरकलो की तो पठ्ठ्या दुसरीकडे पळतो. हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण तुम्हाला ते ठाऊकच नसावं. तुमचा सगळा अनुभव कॅमेऱ्याच्या पुढे उभं राहण्याचा. मागे उभं राहायची पाळी तुमच्यावर आलीय कुठे? आणि दम छातीत! दम कोंडून धरायचा, कळ दाबायची आणि त्याच वेळी "हलू नका!" असं ओरडायचं, हे एकाच माणसानं कसं करावं? मी ओरडलो की हलतो तो मीच.

आईच्या आधी हात बसावा म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो. गुंडा पैलवानाला उभा केला. हा गडी म्हणजे नुसता मांसाचा डोंगर, अकलेचं नाव नाही. तो दंड फुगवून उभा राहिला आणि काचेत नुसतं त्याचं पोटच मावेना. म्हणून मी काचेत बघत मागं सरकलो, आणखी सरकलो. गुंडा म्हणतो, "आन्ना, बास!" मला वाटलं दंड दुखला असेल. पुढच्याच पावलाला मी उसाच्या पाटात उताणा. कॅमेरा मात्र वर धरला होता (भावाची वस्तू!), कंबर खाली राहिली. गुंडा हसता हसता खाली बसला; एवढा मोठा देह हसायला लागला की बघवत नाही. वर विचारतो कसा, "आन्ना, माजा हसताना निघाला का फोटू?" त्यानंतर खिलारी बैलाचा काढला. दोन फोटोंच्या मधे चावी फिरवून रीळ पुढे सरकवायचं असतं, हे मला बैलाच्या नंतर आठवलं. आता एकाच फोटोत दोघं आहेत. गुंडाला शिंगं आली आहेत. तो फोटो पाहून गावात कोणालाही नवल वाटलेलं नाही.

आईचं मात्र मला कौतुक वाटलं. तुम्ही म्हणाला होतात, जुनी बाई आहे, फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणून बसायची नाही. तुमचं भाकीत नेहमीसारखंच निघालं! ती धुवट लुगडं नेसून, पदर नीट घेऊन घोंगडीवर जाऊन बसली. मी चार वेळा कळ दाबली, पापणी हलवली नाही. उलट कॅमेऱ्याची काळजी तिलाच जास्त. खंडेनवमीची पूजा झाल्यापासून पोरंटोरं हात लावतील म्हणून तिनं तो स्वतःच्या लुगड्यांच्या पेटीत कुलुपात ठेवला होता. मला तर असा शिस्तीचा माणूस पलटणीत जायला हवा होता असं वाटून गेलं.

मग रीळ घेऊन साताऱ्याला गेलो. तिथला फोटोवाला म्हणजे स्वतःला कोण समजतो देव जाणे. अंधारकोठडीतून बाहेर आला तो नाकाचा शेंडा वर करूनच. फोटो माझ्यापुढे टाकले. सगळे धुरकट! गुऱ्हाळाच्या वाफेतून बघावं तसं. गुंडाची शिंगं कळतात, कारण ती मोठी आहेत. आई आहे की खांबाला टेकवलेलं पोतं आहे, ते मीसुद्धा सांगू शकलो नाही. त्या शहाण्यानं कॅमेरा उलटा केला, भिंगावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. लाल! तेलात कालवलेलं कुंकू! दुकानातली दोन गिऱ्हाइकं इतकी हसली की मला तहान लागली. फोटोवाला म्हणाला, "पाहुणं, आवं, पूजा पेटीची करायची, डोळ्याची न्हवं."

आता हे कोणाचं काम, ते सांगायला पंचांग नको. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगर, आमच्या वडिलांची जुनी तलवार, सगळं मांडून आमच्या सौ. शालूबाईनं पूजा केली. त्यात कॅमेराही मांडला होता. मी घरी येऊन तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पोस्टमास्तर पत्रं वाचतो. ती म्हणते, "मी वरच्या कातड्याला बोट लावलंय, डोळ्याला लावायला मला काय येड लागलंय?" घरात कुंकवाच्या करंड्याला हात लावणारी सवाशीण तेवढी एकच. वडील गेल्यापासून आई करंड्याकडे बघतसुद्धा नाही. मग काय कुंकू उडून बसलं भिंगावर? तेव्हापासून शालूबाई माझ्याशी बोलत नाही. भाकरी ताटात आपटते, आणि तीही काठाला कच्ची असते.

तरी मी हार मानणारा नाही. फोटोवाल्यानं भिंग पुसून दिलंय, नवं रीळ भरून दिलंय. उद्या सकाळी आईला पुन्हा बसवतो आणि तिचा असा चोख फोटो काढतो की तुमच्या ओसरीवरच्या त्या वऱ्हाडानं मान खाली घालावी. तुम्ही लवंग चघळत स्वस्थ बसा. अंजनाक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुम्हाला काय लिहावं ते सुचत नाही.

तुमचा, कंबर मोडलेला पण हिंमत न मोडलेला,
लालासाहेब

ता. क. : वरचं पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी कॅमेरा मागायला आईच्या खोलीत गेलो. ती लुगड्यांच्या पेटीपुढे पाठमोरी बसली होती. मांडीत कॅमेरा, शेजारी तेलाची वाटी आणि शालूबाईचा करंडा. बोट भिंगावर. मी म्हणालो, "आई!" ती दचकली नाही. बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "त्याला माजं त्वांड तिथं बसून दिसलं, तर त्यो हितं कशाला येतोय? न्हाई दिसलं म्हंजे जीव तुटंल. मग यील." एवढं बोलून मला कॅमेरा दिला. आधीचंही तिनंच केलं होतं. दाजी, मी घराला दहा वर्षं अक्कल शिकवतोय. भिंग मी पुसलं नाही.

ता. क. दुसरा : तेव्हा पत्राचं खरं कारण हे की, ओसरीवरचा फोटो कृपा करून पाठवू नका. काचेतून काढला असेल तर परत घाला. पाकिटात घातला असेल तर पाकीट फोडा. टपालपेटीत टाकला असेल तर पोस्टमास्तरच्या पाया पडा, तुमची कंबर धड आहे. अर्जुनाला मी लिहिलंय की फोटो काही जमत नाही, आईला बघायचं असेल तर रजा घेऊन यावं लागेल. मला कॅमेरा जमत नाही, हे वाक्य त्यात माझ्या हातचं आहे. तुम्ही ते गावभर वाचून दाखवलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा : अंजनाक्काला सांगून शालूबाईला एक पत्र घालायला लावा, की नवरा मूर्ख आहे. मी तोंडानं सांगायला गेलो तर ऐकून न घेता उठून जाते. नवं रीळ तसंच ठेवलंय. अर्जुना आला की त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेईन, असं आई आपण होऊन म्हणाली आहे. त्या दिवशी भिंग मी स्वतः पुसणार, आणि करंडा माझ्या खिशात ठेवणार.