गाळलेलं पाणी

कबनूर,
१२ एप्रिल १९७९

प्रिय पद्मावतीअक्कास,
धाकट्या भूपालचा वाकून नमस्कार. जय जिनेंद्र.

रविवारी तुझ्याकडून सुखरूप पोचलो. शेंगांच्या चटणीवर घरात सगळ्यांचा डोळा आहे. आमची चंदना कॉलेजात रमली. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच पोर. कापड रंगवायचं नवं मशीन सुरू झालं. आता पन्नास घरांच्या चुली आपल्या कारखान्यावर पेटतात. हे सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी नाही.

त्या दिवशी तू विहिरीवर पाणी गाळलंस. गाळणं उलटं धुऊन, बादली अलगद पाण्याला टेकवून त्यातले जीव परत विहिरीत सोडलेस, आईनं शिकवलं तसं. नातीच्या हातांवरचं पुरळही मी पाहिलं. तेवढ्यात शेजारचे हंबीरराव म्हणाले, "अक्का, वढ्याचं पाणी झिरपतंय की हिरीत. भावाला इचारा, कारखान्यातनं काय सोडत्यात."

तू उसळलीस. "माझा भाऊ गाळल्याबिगर घोटभर पाणी पीत न्हाय. त्यो जीव मारंल व्हय? पाण्याला आलाय त्यो मुरमाचा रंग हाय."

मी मान डोलावली.

गाळणं दांडीवर वाळत होतं. त्यावरचा रंग मुरमाचा नव्हता. महिनाभर आमच्याकडे मरून रंगाची लुगडी निघताहेत. तो रंग मी झोपेतही ओळखेन.

मग तू तांब्या पुढे केलास आणि मी म्हणालो, "उपास हाय, निर्जळी." उपास नव्हता, अक्का. तू मात्र हंबीररावांना ऐकवलंस, "बघा, कारखाना काढला, पर धरम सोडला न्हाय." फाट्यावरच्या हॉटेलात मी दोन ग्लास पाणी ढोसलं, न गाळता. मला माझी लाज वाटते.

रंगाचं पाणी निवळायला टाकी बांधायची की मशीन घ्यायचं, असा प्रश्न होता. मी मशीन घेतलं. ओढ्याखाली तुझी विहीर आहे हे माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. ती खणताना मातीच्या पाट्या मीच उचलल्या होत्या.

नातीला ते पाणी देऊ नका. तूही पिऊ नकोस. रंगकाम बंद ठेवतो असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं आहे. पन्नास चुलींचं काय करू, सुचत नाही. पण टाकीचं काम उद्यापासून धरतो.

रविवारी येतो. हंबीररावांना बोलावून ठेव, त्यांच्यादेखत सांगेन. त्यानंतर मला पाणी विचारू नकोस. विचारलंसच, तर तुझ्या विहिरीचं दे. या वेळी नाही म्हणणार नाही.

तुझ्या दारातून खोटा उपास सांगून गेलेला,
भूपाल