नेल्वाच्या चाकावरची लाल रेघ

सांता रोसिता, मोहोस
४ मे १९७८

ती. सेनोबियाताईस, धाकट्या देल्फीनचा सा. न. वि. वि.

इथे पूर ओसरतोय. सकाळी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि त्यात ढग उतरलेले असतात. माझी नेल्वा विमान घेऊन निघाली, की पोर वर गेली की खाली, हेच मला क्षणभर उमगत नाही.

काम असं आहे. विमानाच्या टायरवरून थेट रिमवर मी एक लाल रेघ ओढतो. उतरताना टायर रिमवर सरकला तर रेघ तुटते, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह ओढला जातोय हे मला कळतं. तो उपटला तर हवा जाते आणि विमान उलटतं. म्हणून नेल्वा उतरली की मी आधी रेघ बघतो, मग तिचं तोंड. त्यावरून ती रुसते.

पण रंग टिकत नाही. दाराचा तेलरंग दोन फेऱ्यांत पापुद्रे होऊन गळाला. बायकोची नखांची लाली लावली, ती तीन दिवस टिकली. बायकोचा अबोला आठवडाभर टिकला. तुझ्या रबरी पिशव्या घड्या पडून फाटतात, पण वर रंगवलेली फुलं जात नाहीत. त्या रंगात तू काय घालतेस?

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट बघणारा,
देल्फीन

रिबेराल्ता
२२ मे १९७८

चि. देल्फीनास, अ. उ. आ.

पंचवीस वर्षं माझ्या पिशव्यांना हसलास, आता आलास ना दारी? सोबत डबा पाठवलाय. रबराच्या झाडाचा चीक गाळून त्यात गेरूची पूड घातलीय. रबर वाकेल तसा रंगही वाकला पाहिजे, एवढंच त्यातलं गुपित. तीन पातळ हात दे, प्रत्येक हात उन्हात वाळू दे. चीक फाटू नये म्हणून अमोनिया टाकलाय, झाकण उघडताना नाक लांब ठेव.

माझा रंग तुटला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. नेल्वाला पाठव एकदा. अंगणातला झुला रिकामाच हलतो.

तुम्हा सगळ्यांची,
ताई

रिबेराल्ता
९ जुलै १९७८

चि. देल्फीनास, अ. उ. आ.

हे पत्र नेल्वाच्याच हाती देतेय. काल आली, कुटलेल्या केळ्याचा मसाको दोनदा मागून खाल्ला आणि झुल्यात झोपली. झोपेत तिचे पाय हलत होते, अजून उडतच होती बहुधा. मी किती तरी वेळ नुसती बघत बसले.

आज तिच्याबरोबर विमानापाशी गेले. एक गोष्ट लिहायला लाज वाटते. डाव्या चाकावर माझा रंग तुटलाय. पण दोष तुझाही आहे. रिमवर रेघ एकीकडे आणि टायरवर दोन बोटं पलीकडे! हात थरथरतो का रे आता? नेल्वा पोती भरत होती तेवढ्यात मी टायरवरचा तुकडा सोलून काढला, रिमवरच्या रेघेला धरून नवा ओढला आणि उन्हात वाळवला. आता हसायला जागा ठेवलेली नाही.

भांडायला तरी लिही,
ताई

सांता रोसिता
१० जुलै १९७८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल नेल्वा उतरली. मी गुडघे टेकून रेघ पाहिली. अखंड होती. पुढच्या कुरणावर गुरांसाठी मीठ न्यायचं होतं, ते भरायला मीच सांगितलं. ती तुझं पत्र हातात देऊन कॉफी प्यायला गेली. तुझी पत्रं मी संध्याकाळी सावकाश वाचतो. काल मात्र रंगाबद्दल काय म्हणतेस ते बघावं म्हणून उभ्या उभ्याच उघडलं, आणि ‘दोन बोटं’पाशी थांबलो.

चाक उघडलं. व्हॉल्व्ह मुळाशी अर्धा फाटला होता. पुढचं उतरणं काही त्याला झेपलं नसतं.

रंग तुटला नव्हता, ताई. टायर सरकला होता. दुपारभर मला तुझा भयंकर राग आला. नेल्वा म्हणते, आत्यानेच वाचवलं. मी म्हणतो, आत्यानेच मारलं होतं. दोन्ही खरं आहे. तू लपवलं असतंस, तर मी आज कुणाला पत्र लिहिलं असतं कोण जाणे.

नवी ट्यूब घातली. तुझा रंग चाकूनेही निघता निघेना.

हात थरथरतो का, विचारलंस. तुझं पत्र वाचेपर्यंत थरथरत नव्हता. काल नवी रेघ नेल्वाने ओढली.

पुन्हा कुठे रेघ तुटलेली दिसली, तर तुटलेलीच राहू दे. लोभ तेवढा तोडू नकोस.

तुझा,
देल्फीन