पालकांनी लिहायचं पत्र

१२ नोव्हेंबर १९७२
सहीवरून आज पुन्हा वाजलं. फॉर्म चार पानी, सगळा इंग्रजीत. कोकिळाच्या शाळेतल्या कुसुमलताबाईंनी आणलाय. परदेशात कुठंशी शाळा आहे, समुद्राच्या काठी. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं तिथं शिकायचं, साऱ्या देशांची पोरं एकत्र. तो अभ्यास म्हणे जगात कुठंही चालतो. खर्च सगळा त्यांचा, विमानाचासुद्धा. आपल्या देशातून चार घेणार. चार!

हे म्हणाले, ‘‘चारात आपली कोकिळा? धुळ्याच्या देवपुरातली?’’ आणि हसले. हसून सही केली. लागणारच नाही म्हणून केली, मला कळत नाही का!

१३ नोव्हेंबर
नळाला पाणी नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. कोकिळा चुलीपुढं बसून इंग्रजी पुटपुटते. भाकर करपली.

१९ नोव्हेंबर
ताईअक्का आल्या नरडाण्याहून. यांची मोठी बहीण. कोकिळा पाळण्यात होती तेव्हाच त्यांनी तिला आपल्या मुलासाठी, पंडितसाठी मागून ठेवलीय. भावाची पोर बहिणीच्या घरात, जुनी रीत. तेव्हा कोकिळाची आई यशोदा जिवंत होती, मी नव्हते. मला कोणी विचारायचं कारणच नव्हतं. पण पंडित! मॅट्रिकला दोनदा बसला. आता दिवसभर ओट्यावर बिडी ओढतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतो.

फॉर्मचं ऐकलं आणि अक्का पाय पसरून सुरू झाल्या. ‘‘सवतनी पोर डोळाम्हा खुपस ना भागा? म्हनीसन इलायतले धाडस?’’

मी म्हटलं, मी कुठं धाडतेय? फॉर्म मी नाही आणला.

‘‘मंग फाडी टाक.’’

फाडला तर? उद्या याच म्हणणार, सावत्र ती सावत्र, पोरीचं नशीब फाडलं. जाऊ दिली तर घालवली. ठेवली तर अडवली. बारा वर्षं झाली या घरात येऊन. ती चार वर्षांची होती तेव्हापासून वेणी घालतेय तिची. दुधाचा पेला भरला तर म्हणतात दाखवायला भरते, रिकामा राहिला तर म्हणतात उपाशी मारते. तोंड उघडलं तरी चूक, मिटलं तरी चूक.

चहा जास्त गोड करून दिला त्यांना. उठाव्यात म्हणून. उठल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर
आता नवीनच. फॉर्मबरोबर आई-बापांनी स्वतः पत्र लिहायचं — आपल्या मुलीविषयी. कोणत्याही भाषेत चालतं, ते करून घेतात त्यांच्या भाषेत. हे म्हणाले, ‘‘तू लिही. मला डबल ड्युटी आहे.’’ डबल ड्युटी कसली! एस.टी.त लोकांची तिकिटं फाडून हात दुखतो तो पत्र लिहायलाच.

मी चौथी पास. कोकिळाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे असलं खरडते, तेवढंच.

कोकिळा म्हणाली, ‘‘मावशी, बाईंना विचारून लिही.’’ मी म्हटलं, माझ्या घरातली पोर, बाईंना काय विचारू?

मावशीच म्हणते ती मला. पहिल्यापासून. मीही कधी बदलायला सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर
लिहिलं. एका बैठकीत. इथं उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको की वेगळंच लिहिलं.

‘‘साहेब लोकांस सौ. भागाबाई अभिमन पाटील हिचा नमस्कार. मी कोकिळाची सावत्र आई. पोर तोंडाळ आहे. उलट बोलते. पुस्तक हातात असलं की दूध उतू गेलेलं तिला दिसत नाही. भाकरी जाड करते. माणसांत बोलत नाही आणि बोलली की थांबत नाही. पाहुणे आले की आत लपते. राग आला की जेवत नाही, मग आपण उठून वाढावं लागतं. बाई म्हणतात गणितात बरी आहे, मला त्यातलं कळत नाही. वेडीविद्री पोर आहे. पदरात घ्या. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.’’

पोर दुसऱ्याच्या घरी देताना असंच बोलतात. माझ्या आईनं माझ्या वेळी असंच हात जोडून सांगितलं होतं. आपल्या पोरीचं आपणच कौतुक करायचं, लाज नाही वाटत? दृष्ट लागते ती वेगळीच.

२७ नोव्हेंबर
पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. फॉर्म, पत्र, सगळं एकाच पाकिटात. बाई म्हणत होत्या गुरुवारी एकदा बघते. गुरुवार कशाला? झालेलं काम घरात ठेवलं की मला झोप येत नाही.

३० नोव्हेंबर
बाई घरी आल्या. पत्रात काय लिहिलं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कपाळालाच हात लावला.

‘‘भागाबाई, अहो काय केलंत हे! तिथं गुण लिहायचे असतात!’’

‘‘गुण दिसतील की त्यांना.’’

‘‘त्यांना कसे दिसणार? त्यांनी पोर पाहिलीय का? ते साहेब लोक, लिहिलं ते खरं धरतात. आई स्वतः म्हणतेय उलट बोलते, लपते, जेवत नाही — आणि वर सावत्र असं लिहून दिलंत!’’

मी म्हटलं, आहेच मी सावत्र.

बाई उठल्या. चप्पल घालताना कोकिळाकडं बघत होत्या. माझ्याकडं नाही.

कोकिळा भांडली असती तर बरं झालं असतं. तोंडाळ म्हणून लिहून दिलं आणि पोर गप्प. भांडी घासली, दप्तर भरलं, निजली. निजल्यासारखी पडली.

१ डिसेंबर
जेवली नाही. उठून वाढलं. तरी नाही.

१० डिसेंबर
सगळीकडं पसरलं. नळावर बायका गप्प होतात मी गेले की. आज अक्का आल्या. पेरू आणले! एवढ्या वर्षांत या बाईनं माझ्या घरात काही आणलं नव्हतं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, ‘‘बेस करं भागा. डोकं शे तुले. साप बी मरना आनि काठी बी नही मोडनी.’’

मी म्हटलं, अक्का, मी मुद्दाम नाही केलं.

‘‘हां हां, माले कळस ना!’’ आणि डोळा मिचकावला.

शिव्या खाल्ल्या तेव्हा एवढं लागलं नाही जेवढी ती थाप लागली. पेरू गायीला घातले.

१८ जानेवारी १९७३
बोलावलं! मुलाखतीला! पोस्टमन सुकदेव पाकीट घेऊन दारात उभा. मुंबईला तीन दिवस राहायचं, आठ फेब्रुवारीपासून. बाईंनी वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं मी. बाई स्वतः घेऊन जाणार. यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, ‘‘ताईअक्काला काय सांगू?’’

पोरीला बोलावलंय, आणि यांना अक्काची पडली.

८ फेब्रुवारी
गेल्या दोघी काल. लाडू दिले बरोबर. स्वेटर दिला, मुंबईत थंडी नसते म्हणे, तरी दिला.

९ फेब्रुवारी
सवयीनं तीन ताटं घेतली. हे ड्युटीवर. तिन्ही परत मांडणीवर लावली.

१० फेब्रुवारी
काम दहा वाजताच उरकलं. मग करायचं काय? घर झाडलेलं पुन्हा झाडलं. शेजारणीकडं जाऊन बसले, तिच्या पोरांचा गोंगाट ऐकवेना, उठून आले. पोर पुस्तकात डोकं घालून बसते, बोलत तर नाही. मग घरात एवढं काय कमी झालं? दोन वर्षं म्हणजे सातशेतीस दिवस. हिशेब का केला कोण जाणे.

१२ फेब्रुवारी
आल्या. कोकिळा बोलली की थांबत नाही हे मी लिहिलं होतं, तशीच आज. पाच साहेब होते, एक बाई. माझं पत्र त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत टाइप केलेलं. विचारलं, ‘तुझी आई लिहिते तू उलट बोलतेस, खरं का?’ ही म्हणाली, खरं आहे. ‘भाकरी जाड करतेस?’ ही म्हणाली, मिलोचं पीठ तुम्ही थापून बघा!

हसले म्हणे सगळे.

‘‘मावशी, त्या बाईनं विचारलं, आईनं चांगलं काहीच का नाही लिहिलं? मी सांगितलं, आमच्याकडं पोर देताना असंच लिहितात.’’

एवढं बोलून पाणी प्यायला गेली. मी फणी पुढं केली. म्हटलं, केस विंचर, धूळ झालीय.

१४ एप्रिल
उत्तर आलं. चारात नाही. पण पाचवी — राखीव. चारातलं कोणी गळलं तर हिला बोलावणार. बाई म्हणतात, सहसा कोणी गळत नाही.

हे सुटल्यासारखे हसले. संध्याकाळी सरळ नरडाण्याची गाडी पकडली.

१५ एप्रिल
म्हटलं, पोरीला निदान कॉलेजात घालू. जळगावला घाला, धुळ्यात घाला, पंडितला देऊ नका. हे म्हणाले, ‘‘बहिणीला शब्द दिलाय.’’ मी म्हटलं, तुम्ही दिलाय, तिनं नाही. हे म्हणाले, ‘‘तू कोण लागतेस मध्ये बोलायला?’’

बरोबर. कोण लागते.

११ जून
मॅट्रिक पास! पहिला वर्ग. गणितात नव्वदच्या वर. पेढे वाटले. बाईंनी माझ्या हातात पेढा दिला आणि पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, अजून आशा सोडू नका, जून अखेरपर्यंत कळवतात.

अक्कांचा निरोप लगेच आला. चोवीस तारखेला येतात, कुंकू लावायला. दिवाळीनंतर लग्न. कोकिळानं ऐकलं. रोज दारात उभी राहते सुकदेवची वाट बघत. काही नसलं की आत येऊन पुस्तक उघडते. उलटं धरलं तरी कळणार नाही अशी बसते.

१६ जून
आज काही नाही. रेशनला गेले, साखर नव्हती. कोकिळा बाईंकडं गेली होती दुपारभर.

१७ जून
पाऊस नाही. पंडित तसा वाईट नाही. बिडी काय, सगळेच ओढतात. पुढं सुटेल. आणि नरडाणा म्हणजे एस.टी.नं तासाभराचा रस्ता. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. यांचा पास आहेच.

१८ जून
डोकं दुखतंय. कोकिळानं तेल लावून दिलं. हात तिचा हलका आहे. म्हटलं पुरे, तरी लावत बसली.

१९ जून
कुंकवासाठी लुगडं काढलं, मोतिया रंगाचं. तिला दाखवलं. ‘‘छान आहे मावशी,’’ म्हणाली. बघितलंच नाही. मग दारात गेली. सुकदेव गल्लीतून गेला. माझ्याकडं बघत गेला. थांबला नाही.

२० जून
तार सोळालाच आली. कोकिळा घरी नव्हती. सुकदेवनंच वाचून दाखवली — एक मुलगी गळली, कोकिळाची जागा पक्की, वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत होकाराची तार करा, नाहीतर जागा दुसऱ्याला. सही मी केली. त्याला म्हटलं, गल्लीत बोलू नको, मीच सांगते तिला.

आज वीस. अजून सांगितलं नाही. चार वाजून गेले.