एक हिवाळा जास्त

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बस उशिरा, पिशवीचा पट्टा तुटलेला, बुटांत पाणी. पण मन इतकं हलकं की रस्त्याकडेच्या मेंढ्यांनाही हात करत आले. खोली प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर, फुकट. खिडकीतून नदी दिसते आणि नदीपलीकडे बर्चची पिवळीजर्द झाडी. जाहिरातीत लिहिलं होतं, शिक्षणाची अट नाही, फक्त हात स्थिर हवा. मला देवच पावला. शाळा अर्ध्यात सोडली, मग बेकरी, मग माशांची बोट, मग एका म्हाताऱ्याच्या घोड्यांची निगा. वर्ष कुठंच पुरं केलं नाही. आई म्हणते, टुवा, तुझ्या पायाला भिंगरी आहे, दार दिसलं की तू बाहेर. खरंय. निघून जाणं एवढी एकच गोष्ट मला नीट येते.

इथं आम्ही दोघीच. आसब्योर्ग ही प्रयोगशाळेची मालकीण म्हणा, सर्वेसर्वा म्हणा. साठीची, पुरुषी आवाजाची. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाली की दात चांगले आहेत गं तुझे. मी म्हटलं, गोड खाऊनसुद्धा. ती हसली नाही.

खुंटीवर एक पिवळा रेनकोट आहे आणि फळीवर निळा मग. माझ्याआधीच्या मुलीचे, मार्गिटचे. फ्रिजवर तिचा फोटोही आहे, आ वासून हसतेय, खालच्या शेवटच्या दाढेत भरलेली चांदी चमकतेय. ती कुठं गेली असं विचारलं, तर आसब्योर्ग म्हणाली, न सांगता गेली, तुझ्याच जातकुळीची होती. रेनकोट मला बरोबर बसला. घेऊन टाकला.

९ ऑक्टोबर

शिकार सुरू होऊन दोन आठवडे झालेत. रोज पोत्यांनी जबडे येतात. शिकाऱ्यांच्या प्रत्येक टोळीने मारलेल्या प्रत्येक एल्कचा, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाचा, खालचा जबडा चिठ्ठी बांधून इथं धाडायचा, हा सरकारी नियम. मी ते उकळते. पहिल्या दिवशी ओकारी आली, दुसऱ्या दिवशी भूक लागली, तिसऱ्या दिवसापासून मी पातेल्याशेजारी बसून तपकिरी चीज आणि पाव खाते. उकळून मांस सुटलं की पटाशीचा दात उपटायचा, आम्लात मऊ करायचा, मुळाचा कागदाहून पातळ काप काढायचा, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग दिसतात रेघा. जनावर जगतं तोवर मुळावर थर चढत राहतो. उन्हाळ्याचा थर रुंद आणि फिका, हिवाळ्याची रेघ बारीक आणि काळी. रेघा मोजा, वय कळलं. झाडासारखंच.

मला हे वेड लागल्यासारखं आवडलंय. एका नराची चौथी रेघ इतकी जाड होती की त्या वर्षी त्याने काय सोसलं असेल याचा विचार करत बसले आणि पातेलं करपलं. आसब्योर्ग ओरडली, अगं बये, कथा नकोत, आकडे हवेत.

२१ ऑक्टोबर

आज ट्वेरदाल खोऱ्यातल्या टोळीचा जबडा आला. एकच. बाकीच्या टोळ्या दहा-बारा धाडतात. घेऊन आला तो म्हातारा गुलब्रांड, टोळीचा नाईक. पोतं त्याने स्वतः टेबलावर ठेवलं, टोपी काढून हातात धरली. मी कॉफी दिली. माझ्याकडे बघून विचारलं की पोरी, तुझं कोणी आहे का जवळपास. मी म्हटलं, आई आहे, पण ती पार बेर्गनला, आणि मला कंटाळलेली. त्याने मान हलवली, जणू दूध नासल्याची बातमी ऐकली. कॉफी तशीच ठेवून गेला.

आसब्योर्ग म्हणाली, ट्वेरदालचं तू बघ, मी त्याला हात लावत नाही.

जबडा मादीचा. दात पांढरेशुभ्र, झीज जवळजवळ नाही. वरवर पाहता तीन वर्षांची, फार तर चार. शेवटच्या दाढेत मात्र काहीतरी चकाकणारं रुतलंय. आसब्योर्गने लांबूनच सांगितलं, गोळीचा तुकडा असेल.

२४ ऑक्टोबर

मोजलं. तेहेतीस.

पुन्हा काप काढला, पुन्हा मोजलं, मोठ्याने, एकेक रेघेवर सुईचं टोक ठेवून. तेहेतीस हिवाळे. एल्क वीस-बावीसच्या पुढे जगत नाही, आणि जगली तर तिचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले असतात. हिचे कोवळे. चेहरा पोरीचा आणि मुळं आजीची.

आसब्योर्गला सांगितलं. तिने वर न बघता एवढंच विचारलं की मोजलंस ना? बस्स, झालं तर.

३ नोव्हेंबर

चैन पडेना, म्हणून तळघरातल्या, दातांचे काप चिकटवलेल्या जुन्या काचा काढल्या. ट्वेरदालची दरवर्षी एकच काच. गेल्या वर्षीच्या दातावर बत्तीस रेघा. त्याच्या आधीच्या वर्षी एकतीस. त्याआधी तीस. आणि पाचवी रेघ प्रत्येक काचेत फाटलेली, तशीच डाव्या बाजूला फाटलेली, माझ्या काचेत आहे अगदी तशी.

एकच जनावर. दरवर्षी मारलेलं.

काचांवरची अक्षरं मात्र दरवर्षी वेगळी. कुणाचं गोल, कुणाचं तिरपं. गेल्या वर्षीचं मार्गिटचं.

मी मोठ्याने हसले, तळघरात एकटीच. मग वर येऊन दिवे लावले सगळे.

१९ नोव्हेंबर

रविवार. बसने ट्वेरदालला गेले. खरं तर वाटेत धबधबा बघायला उतरणार होते, ते राहूनच गेलं. गुलब्रांडच्या अंगणात लाकडं फोडणं चालू होतं. मला पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. मी सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं, हेच वाईट.

म्हणाला, आम्ही तिला मारतो, मोजत नाही. त्याच्या आजाच्या वेळेपासून या खोऱ्यात जनावराचं वय कुणी तोंडाने उच्चारत नाही. जो मोजेल तो तिचा होतो. नियम आला तेव्हा यांनी पहिला जबडा हसत हसत धाडला, आणि मोजणारा पोरगा वर्षभरात नाहीसा झाला, पुढच्या शरद ऋतूत ती पुन्हा दलदलीत उभी. मी म्हटलं, मग धाडता कशाला, पुरा की तो जबडा. तर म्हणाला, एक वर्ष पुरला होता. त्या हिवाळ्यात ती दारोदार फिरली. शाळेच्या कुंपणाशी जाऊन तोंड उघडून उभी राहिली. टोळीतल्या निल्सची नात सात वर्षांची होती, पोर नुकतंच आकडे शिकलं होतं.

तिने एकेक दात बोटाने मोजला. निघताना म्हणाला, परकं माणूस असलं की आम्हाला झोप तरी येते, पोरी. माफ कर म्हणत नाही, कारण पुढल्या वर्षीही हेच करणार आहे.

मी त्याला म्हातारचळ लागलाय असं म्हटलं आणि निघाले.

२० नोव्हेंबर

त्या दाढेतला चकाकणारा तुकडा सुईने उकरला. गोळी नव्हे. चांदी. दंतवैद्य भरतात तशी, कडा गुळगुळीत केलेली.

फ्रिजवरचा फोटो काढून उलटा ठेवला.

११ डिसेंबर

निघाले होते. खरंच. पिशवी भरली, बस पकडली, तिकीट पार बेर्गनचं. डोळा लागला. जाग आली ती ट्वेरदालच्या थांब्यावर, उभी, बर्फात, पिशवीशिवाय. तोंडात काहीतरी होतं, चघळत होते. विलोची फांदी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. पुन्हा तेच.

निघून जाणं मला येत होतं. एवढंच तर येत होतं.

६ जानेवारी

चीज नको वाटतं. पाव घशाखाली जात नाही. नदीकाठची विलो सोलून खाते, साल गोड लागते. आसब्योर्गने टेबलावर मिठाचा खडा ठेवला, गुरांना ठेवतात तसा. मी चाटला. ती बघत होती. मग म्हणाली, मार्गिटलाही आवडायचा.

मी तिच्या अंगावर ओरडले, की मला का, तू स्वतः का नाही मोजत. म्हणाली, कारण मला इथं राहायचंय.

१४ फेब्रुवारी

वरचे पुढचे दोन दात हलतायत.

१७ फेब्रुवारी

पडले. रक्त नाही. एक मी आम्लात टाकला. माझं वय बावीस. माणसाचा पक्का दात सहा-सातव्या वर्षी येतो, म्हणजे मुळावर पंधरा-सोळा रेघा असायला हव्यात.

पाचवी रेघ फाटलेली. डाव्या बाजूला.

चौतीस.

२ एप्रिल

वर पुढे एकही दात नाही. एल्कलाही नसतात. खाली मात्र नवे येतायत, कडेने, रुंद. आईला फोन केला. ती म्हणत राहिली, कोण बोलतंय, कोण आहे, नीट बोला. मी माझंच नाव घेत होते.

शेवटी म्हणाली, टुवा असेल तर सांगा तिला, खोली तशीच ठेवलीय.

जून

तारीख कळत नाही. ऊन फार. बुटांत पाय मावत नाहीत. रात्र होतच नाही म्हणून दिवस कुठला ते — पाण्यात उभी राहते. गळ्यापर्यंत. बरं वाटतं.

ऑगस्ट असावा

प्रयोगशाळेच्या मागे गेले, झाडांच्या आडून. नवा मुलगा आलाय. पाठीवर पिशवी, शीळ घालतो, माझ्या निळ्या मगात कॉफी पितो. पिवळा रेनकोट घालून पाहिला, बाह्या आखूड पडल्या म्हणून एकटाच हसला. खिडकीशी गेले. सांगायचं होतं —

तो म्हणाला, अरे वा, ये ये, किती सुंदर गं तू! आणि सफरचंद पुढे केलं.

मी खाल्लं.

सप्टेंबर

युक्ती सुचली. दातच नसतील तर तो मोजणार काय. दलदलीतला दगड. खालचे पुढचे सगळे — एकेक करून, दगडावर — दुखलं. खूप. चिखलात खोल फेकले. सापडणार नाहीत. रडले की — आवाज कसला तो — पण खुश आहे. त्याला काही मोजता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी

जिभेने चाचपलं.

आठ. आठही जागेवर. पांढरे.

२५ सप्टेंबर असणार. शिकारीचा

धुकं. कुत्रं. पेन्सिल दातात धरून — वही शेवाळावर — गुलब्रांड पलीकडे, झाडाशी. त्याने टोपी काढली. हळू म्हणतोय, टुवा, पोरी, अशी उभी राहा, हलू नकोस, लगेच होईल —

माझं नाव माहीत आहे त्याला

गुलब्रांड, जबडा — त्या मुलाला नको — पुरू नका, जाळा, जाळून — तो हसरा आहे, त्याला —

कूस वळवली त्याच्याकडे. पाय आपोआप. तो डोळे पुसतोय, बंदूक