डाव्या हाताची काकणं

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

हात पुन्हा सुजला! देवाला चंदन उगाळायला बसले तर डाव्या हाताची बोटं सहाणेवर मिटेनात. गेल्या महिन्यापेक्षा जास्त वाटतो.

हळदीकुंकवाला बायका आल्या. पदर हातावर ओढून बसले होते, तरी शेजारच्या सुशीलाने हेरलंच. "सिंधू, डावो हात किती फुगलो गो?" म्हटलं, गांधीलमाशी चावली. हातात तिळगूळ आणि तोंडात खोटं — तेही संक्रांतीला!

गावाला अजून वाटतं, दोन वर्षांपूर्वी माझे पित्ताचे खडे काढले. खरं काय काढलं ते ह्यांना, मला आणि आमच्या लेकीला, सोनमला माहीत. माझ्या भावालासुद्धा नाही. छातीची डावी बाजू सपाट झाली ती पदराखाली जाते. हात कुठे लपवू?

१६ जानेवारी, गुरुवार

बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊन आले. घरी सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर पणजीला सोनमच्या लग्नाची खरेदी.

व्यायाम शिकवणारी अंकिता रागावली. दंडापर्यंतची घट्ट बाही मी केव्हाची ताणून ताणून वापरते, तिचं इलास्टिक मेलंय. "काकू, बाही सैल झाली की ती नुसता कपडा." नवी घेऊ म्हटलं — लग्न झाल्यावर. आता त्यासाठी पैसे कुठून काढू?

आज पहिल्यांदा धीर करून विचारलं, गाठी काखेतल्या काढल्या, मग सुजतं मनगट का? तिने कागदावर हात काढला. म्हणाली, रक्तातून पाण्यासारखं काही सतत बाहेर झिरपतं, मांसाला पोसतं. त्यातलं बरंचसं शिरा परत घेतात. उरतं ते गोळा करायला वेगळ्या बारीक नळ्या. ती लसिका. नळ्या वर वर चढत काखेत येतात, तिथून गळ्याखालच्या मोठ्या शिरेत. त्यांना हृदयासारखा पंप नाही. हात हलला, श्वास घेतला की तेवढं पुढे सरकतं. आणि जागोजागी झडपा — वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत.

काखेतल्या गाठी म्हणजे चौकी. पत्रादेवीच्या नाक्यावर प्रत्येक गाडी थांबवतात ना, तसं. जंतू असो, रोगाची पेशी असो, तिथे अडवून झडती. डॉक्टरांनी रोग पसरलाय का बघायला माझी चौकीच उचलली. म्हणून पाणी तुंबतं.

"ह्या हातावर सुई नको, ब्लडप्रेशरचा पट्टा नको, ओरखडा नको. आणि घट्ट काकण तर नकोच, काकू."

मी मान हलवली. लग्नाआधी दोन्ही हातांत चुडा भरायचा आहे, ते तिला सांगितलं नाही.

१७ जानेवारी

कपडे वाळत घालताना सुचलं — ही तर मानस! माहेरी पार्श्याला खाजनाच्या, खाडीकाठच्या शेताच्या, बांधात लाकडी दारं होती. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जायचं, भरतीला तेच दार आपोआप मिटायचं. बाबा रोज दाराला अडकलेला कचरा काढायचे. म्हणायचे, वाट तुंबली की शेतात आधी पाणी साचतं, मग कुजतं.

माझ्या अंगात एवढ्या मानशी आहेत आणि पन्नाशीला आले तरी पत्ता नाही. देवा, तुझी कारागिरी!

२० जानेवारी, सोमवार

मालिश अंकिताने दाखवली तशी. गंमत म्हणजे हातापासून सुरुवात करायचीच नाही. आधी गळा, मग दुसरी काख, मग खांदा, शेवटी हात. पुढची वाट मोकळी असेल तर मागचं सरकणार. आणि जोर नको — मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात.

सोनम बघत उभी होती. "आई, एक सांगू?"

म्हटलं, दुखण्याचं असेल तर लग्नानंतर. भगवतीसमोर शपथ घेतलीयस, अक्षता पडेपर्यंत घरातल्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. डिचोलीला, तुझ्या सासरी कळलं तर म्हणतील, आईला तो रोग, म्हणजे मुलीच्या रक्तात. निहार चांगला मुलगा आहे. अशी स्थळं दारात उभी राहत नाहीत.

"बरं," म्हणाली आणि ब्लाउज घेऊन शिंपिणीकडे गेली. काखेत काचतो म्हणे, सैल करून घ्यायचा आहे.

२४ जानेवारी

देवळात कौल लावला. मनात विचारलं — झाकून ठेवते ते बरोबर ना? मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली. पुजारी म्हणाले, देवी प्रसन्न आहे. घरी येईपर्यंत जीव हलका होता. नंतर वाटलं, ‘सांगू का?’ असं विचारलं असतं तर?

२७ जानेवारी

हे मुरगावहून आले, रजा घेऊन. बंदरातली धूळ अजून कानात. माझा हात उचलून बघितला. बाजारातून येताना पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आणले, मला आवडतात म्हणून.

३१ जानेवारी, शुक्रवार. चुडा.

लिहायला बसले आहे, उजव्या हाताने लिहिता येतं हे नशीब.

चुडा पार्श्याला, भावाच्या — कृष्णनाथच्या घरी. काकणकार ओटीवर बसला. सोनमचा चुडा झाला — हिरव्यागार काकणांत काय दिसत होती! मग माझी पाळी. उजवा हात पुढे केला, डावा पदरात. डिचोलीहून विहीणबाई साडी घेऊन आल्या होत्या. हसत म्हणाल्या, "विहीणबाई, मुलीच्या चुड्याक आईचो डावो हात रिकामो? बरो दिसना हां!"

सगळ्या बायका बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "लाजता ती!"

दिला हात.

काकणकार म्हणाला, "वयनी, हात सैल सोडा. घट काकणां, घट संसार!" सूज त्याला जाडी वाटली. तेल लावून दाबून दाबून चढवली. एक काकण मनगटावर तुटलं. बायकांनी "अगो बाय!" केलं. रक्ताचा एक थेंब. कोणीतरी हळद दाबली. मी हसत राहिले. सोनम हसत नव्हती.

आता निघत नाहीत. फोडायची म्हटली तर ह्यांच्या आयुष्याचा अपशकुन, आणि परवा लग्न!

२ फेब्रुवारी, रविवार

लग्न झालं. अक्षता पडल्या. भगवती, तू तारलंस. हात जड, दगडासारखा. शालूवरच्या ब्लाउजची बाही झाकायला पुरली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हुडहुडी. मनगटापासून काखेकडे तांबडी रेघ गेली आहे. काकणं मांसात रुतली. ह्यांनी पकड आणली. मी हात मागे घेतला — नको हो, पाचपरतावण तरी होऊ दे! सोनम-निहार जेवून परत जाऊ देत.

"अगो, माझा आयुष्य काय तू ह्या काकणात भरून ठेवलंस? तसा असता तर बंदरात हेल्मेट कित्याक घालतंय मी?"

काकणाखाली फडक्याची पट्टी सरकवून एकेक फोडलं. एकदाही काच लागू दिली नाही. माणूस शिव्या देत होता आणि डोळे पुसत होता.

हॉस्पिटल. परत लिहीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरी आले. सलाईन उजव्या हाताला. नर्सने डावा धरला तेव्हा ओरडलेच. डॉक्टर म्हणाले, ओरखड्यातून जंतू शिरले, साचलेल्या पाण्यात वाढले, आणि अडवायला काखेत चौकी नाही. हात वाचला. आता सूज कायमची थोडी राहील.

विहीणबाई फळं घेऊन आल्या होत्या. "कसलो ताप म्हणायचो हो?" म्हटलं, काकण लागलं. त्यांनीच आग्रह केला होता ना. एवढंसं तोंड करून गेल्या बिचाऱ्या. माझं खोटं आता त्यांच्या डोक्यावर.

९ फेब्रुवारी, रविवार. पाचपरतावण.

जेवणं झाल्यावर सोनम आतल्या खोलीत आली, दार लोटलं. माझा उजवा हात धरून आपल्या काखेत नेला. सुपारीएवढं काहीतरी. कडक. बोटाखाली हलेना.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आई, शपथ होती ना."

तापाची गाठ असेल, गळवाचीही असते. नसेलही. चौकीवर काय अडकलंय ते बांबोळीलाच कळेल. उद्या पहिली बस.

"निहारला सांगायला हवं," म्हटलं. "तू सांग," म्हणाली. "माझ्याने होणार नाही."

ओटीवर निहार ह्यांच्याशी बोलत बसला होता. त्याला आत बोलावलं. आधी माझं सांगितलं.