कार्डावरची तिसरी ओळ

मॅडम, तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. लॅबमध्ये मी रिपोर्ट लिहायचे आणि तुम्ही ते लाल पेनाने खुणा करून परत पाठवायचात. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आज शनिवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, मी मुलुंडला घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. समोर तुम्ही दिलेली चिनीमातीची पांढरी पाटी आहे, बारा खळग्यांची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. जे घडलं ते क्रमाने लिहिते. आधी निरीक्षण, मग मत, हे तुमचंच.

घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आपल्या लॅबमध्ये मी आले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. तुम्ही सरकारी प्रयोगशाळेत पोलिसांनी जप्त केलेल्या पुड्या तपासण्यात उभी हयात घालवून, निवृत्तीनंतर तिथे येऊन बसला होतात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एक पांढरी पूड दिलीत आणि रंगचाचणी करायला सांगितलीत. पाटीच्या खळग्यात चिमूटभर पूड, वर रसायनाचे दोन थेंब, आणि रंग कोणता येतो ते बघायचं. जांभळा आला, म्हणजे अमली पदार्थ. मी जवळजवळ धावतच तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, “ब्लँक कुठाय?” ब्लँक म्हणजे शेजारच्या रिकाम्या खळग्यात पूड न घालता नुसतं रसायन टाकायचं. तिथे रंग येता कामा नये. आला, तर दोष पुडीचा नाही, पाटीचा किंवा रसायनाचा. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं आणि वेळखाऊ म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही उठलात, माझ्याच पाटीच्या रिकाम्या खळग्यात दोन थेंब टाकलेत, आणि तोही हळूहळू जांभळा झाला. आदल्या दिवशीची पाटी मी नीट धुतली नव्हती. “झकास,” तुम्ही म्हणालात. “आता पाटीला अटक कर.” सगळी लॅब हसली. मला त्या हसण्याचा राग आला होता, हे तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते.

नंतरच्या एका रविवारी तुम्ही मला माहुलला घरी जेवायला बोलावलंत. दाराबाहेर जाळं पसरलेलं, त्यामागे रिफायनरीच्या टाक्या, आणि तुमच्या स्वयंपाकघरात ताजे बोंबील. मी विचारलं, मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं? तुम्ही मासा माझ्या नाकाशी धरला नाहीत, माझाच हात धरलात. “हुंग आधी.” माझ्या हाताला मघाशी सोललेल्या लसणाचा वास होता. तुमची आई धक्क्यावर मासळी घ्यायला जायची. पहाटेपासून शंभर टोपल्यांत हात घातलेला, मग प्रत्येक मासा शिळाच वाटणार. एकदा तिने एका होडीवाल्याची अख्खी टोपली शिळी ठरवली. तिचं ऐकून बाकीच्या बायकांनीही पाठ फिरवली, त्याचा माल तिथेच पडून राहिला, आणि घरी आल्यावर तिला कळलं की वास तिच्या बोटांना होता. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांदेखत तिने त्याला ते सांगितलं. तेव्हापासून ती तुम्हाला शिकवायची, “पयले आपला हात हुंग गो, मंग मासा.” तुम्ही बोंबील तव्यावर टाकता टाकता म्हणालात, “कॉलेजात ब्लँक शिकवली तेव्हा मी मनात म्हटलं, ही तर आमच्या आयेची.”

अंधेरीची नोकरी मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन आले. काम काय, असं तुम्ही विचारलंत, आणि मी जरा ऐटीतच सांगितलं. अमली पदार्थांच्या नियंत्रणासाठी काही देशांनी मिळून चालवलेला कार्यक्रम. त्या देशांच्या कस्टम्सना आणि पोलिसांना चाचणीचे संच पोचवायचे, अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं भरवायची, त्यांच्या प्रयोगशाळांना ताडून बघण्यासाठी अमली पदार्थांचे प्रमाणित नमुने पाठवायचे. नमुना काही मिलिग्रॅमचा असतो, पण तो निघण्याआधी एका देशाचा आयात परवाना आणि दुसऱ्याचा निर्यात परवाना अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. हे जुळवणं मला चांगलं जमेल असं मला वाटलं होतं, आणि ते जमलंही. सात वर्षांत माझं एकही खोकं चुकीच्या कागदासाठी कुठल्या विमानतळावर अडलेलं नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, कपाटातून ही पाटी काढलीत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत. “तिकडे पाटी दुसऱ्याच्या हातात असणार,” म्हणालात. “लक्ष ठेव.” पाच महिन्यांनी तुम्ही गेलात.

आता कार्डाचं. दोन वर्षांपूर्वी ठरलं की चाचणीच्या संचासोबत जाडजूड मॅन्युअल असतंच, पण विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला खिशात मावेल असं एक कार्ड हवं. मजकूर मी लिहिला. नऊ पायऱ्या, नऊ ओळी. कार्ड डिझाइन करणारी आमच्याच मजल्यावरची मैत्रीण माझ्या टेबलाशी आली. “यार, नऊ नाही बसत गं. चार भाषांत करायचंय. फॉन्ट अजून लहान केला तर कार्डाबरोबर भिंग द्यावं लागेल. एक ओळ उडव ना.” मी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हटलं, “तिसरी.” चार सेकंदही लागले नसतील. तिसरी ओळ अशी होती: रिकाम्या खळग्यात दोन थेंब टाका, रंग येत नाही याची खात्री करा. बाकीच्या प्रत्येक ओळीत काहीतरी होत होतं, फोडा, टाका, मिसळा, बघा. या ओळीत काहीच होत नव्हतं. म्हणून ती गेली. मॅन्युअलमध्ये आहे, असं मी स्वतःला सांगितल्याचंही मला आठवत नाही. तेवढाही विचार मी केला नव्हता.

कार्ड छापून आल्यावर अंधेरीतच दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. एका बेटांच्या देशातून कस्टम्सचा एक अधिकारी आला होता, पंचेचाळिशीचा, जाडा, हसरा, दोन मुलींचा बाप. त्याला कोकमचं सरबत इतकं आवडलं की जेवणानंतर तो कॅन्टीनवाल्याशी खुणांनी भाव करून दुसरा ग्लास मिळवायचा. मला तो मॅडम म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, तुम्ही मागे उभ्या आहात. शेवटच्या दिवशी त्याने पाकीट काढून दाखवलं. “बघा मॅडम, तुमचं कार्ड पुढे, बायकोचा फोटो मागे. तिला सांगू नका.” मग त्याने विचारलं, “मॅन्युअलमध्ये एक रिकाम्या खळग्याची चाचणी आहे, कार्डावर नाही. ती दर वेळी करायची का? माझ्यापुढे प्रवाशांची रांग असते.” प्रश्न बरोबर होता. सगळ्या वर्गात तो त्या एकट्याला पडला होता. मी टेबलावरचे संच मोजून खोक्यात भरत होते. मान वर न करता मी म्हटलं, “कार्डावर आहे तेवढं करा.” त्याने तेवढंच केलं, मॅडम.

चार महिन्यांनी त्याच्या विमानतळावर एक अठ्ठावन्न वर्षांची बाई आली. शेजारच्या देशात तिची मुलगी बाळंत होणार होती. पिशवीत शतावरीची पूड होती, घरी कुटलेली. त्या सकाळी नव्या कर्मचाऱ्यांना दाखवण्यासाठी संचातली पाटी वापरलेली होती आणि ती पुसली गेली होती, धुतली नव्हती. रंग आला. ब्लँक झाली असती तर तिच्यातही आला असता, आणि सगळे तिथेच थांबले असते. त्या देशाच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला नऊ आठवडे लागले. पूड शतावरीचीच निघाली. नऊ आठवडे ती बाई कोठडीत होती. नात झाल्याचं तिला तिथे कळलं. हे मला चौकशीच्या कागदांतल्या एका परिच्छेदामुळे माहीत आहे. तो परिच्छेद मला पाठ आहे.

कागद वाचले त्याच दिवशी मी कार्ड दुरुस्त केलं. तिसरी ओळ परत घातली, दुसरी दोन वाक्यं कापून जागा केली, आणि जागा झाली, मॅडम, सहज झाली. नवं कार्ड सगळ्या देशांना गेलं. बदलांच्या रकान्यात मी लिहिलं: मांडणीत किरकोळ सुधारणा.

मग तिकडच्या चौकशी करणाऱ्यांचा मेल आला. एकच प्रश्न होता. या अधिकाऱ्याला दिलेल्या कार्डावर ब्लँकची पायरी होती की नव्हती? तो म्हणत होता, नव्हती. जुनं कार्ड त्याच्याकडून नवं देताना परत घेतलं होतं. तसं परिपत्रक मीच काढलं होतं. मी मेल घेऊन सरांकडे गेले. आमचे सर वाईट नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “अगं, आपण खोटं कुठे बोलतोय? मॅन्युअलमध्ये आहे ना?”

“विचारलंय कार्डाचं, सर.”

“कार्ड म्हणजे काय, मॅन्युअलचाच तुकडा. पान नंबर दे आणि मोकळी हो. मार्चमध्ये सगळ्यांचे करार वाढवण्यासाठी वर जातायत, आता कशाला नसती पाल चुकचुकवतेस?”

मी उत्तर लिहिलं: ब्लँकसह संपूर्ण पद्धत मॅन्युअलच्या चौतिसाव्या पानावर असून मॅन्युअल सर्व प्रशिक्षणार्थींना दिलेले आहे. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तुम्ही असतात तर लाल पेनाने एकही खूण करता आली नसती, आणि तरी तुम्ही तो कागद माझ्यापुढे ढकलून विचारलं असतंत, प्रश्न काय होता? दोन आठवड्यांनी त्याला काढल्याचं कळलं. पद्धत न पाळल्याबद्दल. एकोणीस वर्षांची नोकरी. आमच्याकडच्या नोंदीत त्याच्या नावापुढे “प्रशिक्षित” असं होतं, ते मला बदलून “सेवेत नाही” असं करावं लागलं. ते काम माझंच आहे.

गेल्या मंगळवारी मी दुसरा मेल पाठवला. दोन्ही कार्डं जोडली, पहिलं आणि दुरुस्त केलेलं. खाली लिहिलं की तिसरी ओळ माझ्या सांगण्यावरून काढली गेली, की प्रशिक्षणात या अधिकाऱ्याने नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि कार्डाप्रमाणे करा असं मी त्याला सांगितलं होतं, की आधीचं माझं उत्तर अपुरं होतं. “अपुरं” या शब्दावर मी बराच वेळ थांबले, पण तोच ठेवला. सरांनाही प्रत पाठवली. ते माझ्या टेबलाशी आले, बसले नाहीत. “वाट लावलीस,” म्हणाले. “माझी थोडी, तुझी पुरी.” मग जाता जाता वळून म्हणाले, “त्याला दोन मुली आहेत ना गं?” म्हणजे त्यांच्याही ते लक्षात होतं. गुरुवारी तिकडून पोच आली. त्याने अपील केलं आहे, माझा मेल त्या कागदांत लावला आहे, सुनावणी पुढच्या महिन्यात. वकिलाने लिहिलंय की याने निकाल फिरू शकतो. शकतो, एवढंच. त्या बाईचे नऊ आठवडे कुठल्याच अपिलात नाहीत.

आई आत्ता चहा ठेवायला आली होती. “काय गं, सुट्टीच्या दिवशीपण ऑफिस?”

“नाही. मॅडमना पत्र लिहितेय.”

तिने गॅस बारीक केला. “कुठल्या, माहुलच्या? त्यांना काय पत्ता घालणार?”

“घालायचा नाहीये.”

“मग नीट लिही,” ती म्हणाली. “न पाठवायच्या पत्रात तरी काही राखून ठेवू नकोस.” आणि साखर आणायला बाहेर गेली.

पत्र वाचून झाल्यावर हे पाटीच्या खोक्यात जाईल. पण वाचताना मला दिसतंय की वर मी स्वतःला जरा बरं दाखवलं आहे. चूक केली, लपवली, मग कबूल केली, असा क्रम लागतो, आणि शेवटच्या पायरीवर रंग चांगला येतो. तुमच्या आईने दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर जाऊन सांगितलं होतं. तेव्हा रिकाम्या खळग्यातही दोन थेंब टाकते. मेलचा मसुदा, त्याला काढल्याचं कळलं त्याच दिवशी लिहून झाला होता. माझा करार एका वर्षाने वाढवल्याचं सही झालेलं पत्र सोमवारी दुपारी माझ्या हातात आलं. मेल मी मंगळवारी सकाळी पाठवला. मधल्या सोळा दिवसांत मी त्यातला एक शब्दही बदलला नव्हता.