‘बघतो’चा कर्ता

भाऊराया,

कालव्याच्या पाण्याची आपली पाळी आज चार वाजता आणि माझी गाडी पाच वाजता. सकाळी तू म्हणालास, “ताई, तू खुशाल जा, पाण्याचं मी बघतो,” आणि पत्ते कुटायला गेलास तो अजून परतलेला नाहीस. तुझ्या ‘बघतो’ या क्रियापदाचा मी तीन दुष्काळी वर्षे अभ्यास करते आहे. त्याचा कर्ता दर वेळी मीच ठरते.

हुकलेली पाळी पुन्हा पंधरा दिवसांनी येईल आणि बाग आठच दिवस तग धरेल, म्हणून भरलेली बॅग दारात ठेवून मी बागेत पाण्याची दारे धरायला गेले आहे. गुरांची टाकी भरली आहे. तीत पाय धुऊ नकोस.

उद्या नोकरीवर रुजू होता येत नाही, असे विद्यापीठाला फोनवर कळवले. मग कधी येता, असे त्यांनी विचारले.

मी म्हणाले, “बघते.”

ताई